डोळ्यांवाचून दिसते ते

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला गाणी, खेळ आणि बक्षिसे यांच्यामध्ये एक भाषण ठेवावयाचे, ही आपल्या मंडळाची जुनी रीत. भाषण लांबले की बक्षिसे लांबतात आणि श्रोत्यांची चुळबूळ सुरू होते, हे मी खाली बसून अनेकदा अनुभवले आहे. तेव्हा आज वर उभी राहिल्यावर ते लक्षात ठेवणे मला भाग आहे.

चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा : ‘आंधळ्या माणसांना आपल्याला न दिसणारे दिसते, हे खरे का?’ मी काही पंडिता नव्हे. तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकविले आणि निवृत्त झाल्यावर अंध विद्यार्थिनींना पुस्तके वाचून दाखविण्याचे काम पत्करले, एवढाच माझा अधिकार. पण या मुलींच्या सहवासात हा प्रश्न मला स्वतःलाच पडला होता. माझ्या चपलेच्या आवाजावरून मी दमले आहे की खुशीत आहे हे ओळखणारी मुलगी भेटली, की आपण थोड्या चकित होतोच.

या प्रश्नाला समाजात दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणजे ‘बिचारे!’ आणि दुसरे म्हणजे ‘देव एक नेतो आणि दुसरे देतो, त्यांना सहावे इंद्रिय असते.’ पहिल्यात कीव आहे, दुसऱ्यात भक्ती आहे. पण गंमत अशी की, दोन्ही उत्तरांनी आपली सुटका होते. बिचारीला शिकवावयाचे कशाला? आणि जिला देवाने दिव्य दृष्टी दिली, तिला शिकविणारे आपण कोण? तेव्हा खरे काय ते पाहणे हे नुसते कुतूहलाचे काम नाही. त्यावर कोणा मुलीचे शिक्षण आणि कोणा आजीचे म्हातारपण अवलंबून आहे.

आता आपल्या स्वयंपाकघरापासूनच सुरुवात करू. सकाळी नळाखाली हंडा लावून आपण दुसऱ्या कामाला वळतो. पाठ नळाकडे असते, तरी हंडा भरत आला हे आपल्याला बरोबर कळते. कशाने कळते? पाणी वर चढते तशी हंड्यातली हवा कमी उरते, आणि हवेचा स्तंभ आखूड झाला की त्याचा स्वर उंच होतो. मोहरी तडतडली, फोडणीत लसूण लाल झाला, दूध उतू जाण्याच्या बेतात आले, हे आपण नाकाकानांनीच जाणतो. आपल्याला हे कोणी शिकविले नाही. रोजच्या सवयीने आले. कोणी त्याला सिद्धी म्हणत नाही, कारण आपल्याला डोळे आहेत. हेच ज्ञान डोळे नसलेल्या बाईने दाखविले की मात्र आपण तोंडात बोट घालतो.

पण एक गोष्ट खरोखरच विलक्षण आहे आणि तिने शास्त्रज्ञांनाही पुष्कळ काळ चकविले. अनेक अंध माणसे भिंतीच्या जवळ गेली की स्पर्श होण्याआधीच थांबतात. विचारले तर सांगतात, ‘तोंडाला काहीतरी जाणवते.’ कपाळावर, गालांवर जणू मऊ कापड येऊन टेकते, असे त्यांना वाटते. फ्रान्समधील दिदरो नावाच्या विचारवंताने १७४९ साली अंधांविषयी एक पत्ररूप पुस्तक लिहिले. त्यात त्याने अशा एका जन्मांध माणसाची हकीगत दिली आहे, की जो तोंडावर येणाऱ्या हवेवरून जवळची वस्तू ओळखतो. पुढे जवळजवळ दोनशे वर्षे लोक यास ‘मुखदृष्टी’ समजत आले. त्वचेलाच दिसते अशी कल्पना होती, आणि कित्येक अंधांचीही तीच समजूत होती.

याचा उलगडा १९४४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी केला. प्रयोग करणाऱ्या तिघांत मायकेल सुपा हा विद्यार्थी स्वतः पूर्ण अंध होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दोन अंध माणसे घेतली, आणि दोन डोळस माणसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. सर्वांना भिंतीच्या दिशेने चालावयास सांगितले. भिंतीची चाहूल लागताच हात वर करावयाचा. प्रथम त्यांचे तोंड जाड बुरख्याने झाकले, हातांत मोजे घातले. तरीही चाहूल लागली! मग तोंड उघडे ठेवून कान घट्ट बंद केले. तेव्हा अंध काय नि डोळस काय, सर्वजण भिंतीवर जाऊन आदळले.

तर रहस्य त्वचेत नव्हते, कानात होते. पावलाचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. भिंत एक मीटरवर असेल तर तो परत येण्यास सेकंदाच्या हजार भागांपैकी केवळ सहा भाग लागतात. एवढ्या थोडक्या अवकाशात कानाला वेगळा प्रतिध्वनी ऐकू येत नाही. फक्त आवाजाचा पोत बदलतो. मेंदू तो बदल टिपतो आणि ‘समोर काही आहे’ एवढाच निरोप देतो. निरोप कोठून आला हे त्या माणसालाही कळत नाही, म्हणून त्याला ते तोंडावर जाणवते. वटवाघळाचेही असेच आहे. इटलीतील स्पालान्झानी याने अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखविले, की डोळे गेलेले वटवाघूळ बिनचूक उडते, परंतु कान बंद केले की ते अडखळते. आणि कॉर्नेलच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट निघाली. पट्टी बांधलेली डोळस माणसेसुद्धा काही दिवसांच्या सरावाने भिंत ओळखू लागली. म्हणजे ही देणगी कोणा एकाची राखीव नाही.

भगिनींनो, हा प्रयोग करावयास आपल्याला अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. आपल्या चारकोपची रचनाच त्याला अनुकूल आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने १९८० नंतरच्या दशकात ही वसाहत आखली, तेव्हा लहान लहान प्लॉटांच्या सोसायट्या केल्या आणि घरे मधल्या मोकळ्या चौकाभोवती बसविली. बैठ्या घरांवर पुढे मजले चढले, पण जुन्या सोसायट्यांत अरुंद बोळ आणि मोकळा चौक ही जोडी अजून आहे. रात्री रहदारी थांबली की मैत्रिणीचा हात धरा, डोळे मिटा आणि टणक तळव्याची चप्पल घालून बोळातून चाला. दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळे पावलांचा आवाज कोंडल्यासारखा वाटेल. बोळ संपून चौक आला की तोच आवाज एकदम मोकळा होईल. मैत्रिणीने न सांगता तुम्हांला चौक ‘दिसेल’. पहिल्या दिवशी कदाचित नाही जमणार. आठ दिवसांनी जमेल.

मग अंधांचे वेगळेपण काहीच नाही का? आहे, आणि ते मेंदूत आहे. आपल्या मेंदूचा पाठीमागचा मोठा भाग पाहण्याच्या कामाला वाहिलेला असतो. डोळ्यांकडून काही येत नसेल तर तो भाग रिकामा बसून राहतो, असे पूर्वी समजत. १९९६ साली अमेरिकेतील संशोधकांना आढळले, की लहानपणीच दृष्टी गेलेली माणसे बोटांनी ब्रेल वाचतात तेव्हा हा ‘पाहण्याचा’ भाग कामाला लागतो. २०११ साली कॅनडातील संशोधकांनी जिभेने टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर फिरणाऱ्या दोन अंध पुरुषांचा अभ्यास केला. प्रतिध्वनी ऐकताना त्यांच्याही मेंदूचा तोच भाग जागा झाला. म्हणजे घरातली एक खोली रिकामी पडली, तर शहाणी गृहिणी जशी तीत दुसरे काम थाटते, तसा मेंदू करतो. मात्र काम दिले तरच. कोपऱ्यात बसवून ठेवलेल्या मुलीच्या मेंदूला हे काम कोण देणार?

आणखी एक चमत्कारिक प्रकार सांगते, कारण ‘न दिसता दिसणे’ हे शब्द त्याला अगदी लागू पडतात. ऑक्सफर्डमधील संशोधक वाइस्क्रान्झ आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ साली एका रुग्णाची हकीगत प्रसिद्ध केली. मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर त्याला दृष्टीच्या एका बाजूचे काहीच दिसेनासे झाले होते. त्या बाजूला प्रकाशाचा ठिपका दाखवून ‘कोठे आहे?’ असे विचारले, की तो म्हणे, ‘मला काही दिसत नाही.’ ‘असू द्या, अंदाजाने बोट करा,’ म्हटले की बोट बहुतेक बरोबर जागी जाई! त्याचे डोळे शाबूत होते. डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य वाटेखेरीज लहानसहान आडवाटाही आहेत, आणि त्या शुद्धीला न कळविता काम करितात. ज्यांचा मेंदूतील दृष्टीचा भाग दुखावला आहे अशांचीच ही गोष्ट. डोळेच गेलेल्यांना ती लागू नाही. परंतु आपल्याला जे ठाऊक आहे त्याहून आपला मेंदू अधिक जाणतो, एवढे तीवरून कळते.

आपल्याकडे अंध माणसाला आदराने ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणतात, बुद्धी हाच ज्याचा डोळा. महाभारतात हे विशेषण धृतराष्ट्राला लाविले आहे. पण पुत्रमोहापुढे त्या प्रज्ञेचे काय झाले हे आपण सर्व जाणतोच. तेव्हा डोळे गेले म्हणून आपोआप आतले डोळे उघडतात, असे आपल्या पुराणांनीही म्हटलेले नाही.

हे विशेषण ज्यांना खरोखर शोभले ते विदर्भातील गुलाबराव महाराज. १८८१ साली अमरावती जिल्ह्यात, शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वर्षाचे होण्यापूर्वीच त्यांची दृष्टी गेली. स्वतःला ते ज्ञानेश्वरमाउलीची कन्या म्हणवीत. १९१५ साली पुण्यात, अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांनी देह ठेविला. तेवढ्या आयुष्यात त्यांच्या नावावर शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ जमा झाले. त्यांच्याविषयी अनेक अद्भुत कथा सांगतात. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी त्या जरूर ऐकाव्या. माझ्या मनात मात्र वेगळेच चित्र उभे राहते. त्यांना लहानपणापासून कोणीतरी ग्रंथ वाचून दाखवीत होते. ते सांगत ते कोणीतरी उतरून घेत होते. एकदा ऐकलेले धरून ठेवण्याची त्यांची शक्ती असामान्य खरीच. पण ऐकविणारा कोणी भेटलाच नसता तर? त्या ग्रंथांच्या मागे वाचणारे गळे आणि लिहिणारे हात उभे आहेत. त्यांची नावे आपण घेत नाही, पण ‘प्रज्ञाचक्षू’ या शब्दात त्यांचाही वाटा आहे.

हे मी का सांगते, ते घरच्या एका अनुभवावरून स्पष्ट होईल. माझ्या सासूबाईंची दृष्टी वयाच्या सत्तरीत काचबिंदूने गेली. त्या धीराच्या. लसूण सोलणे, मेथी निवडणे, कणीक मळणे ही कामे त्यांनी सोडली नाहीत. तांदळातला खडा त्यांच्या बोटाला माझ्या डोळ्यांआधी लागे. जिन्यावर पाऊल वाजले की, ‘दार उघड गं, पोस्टमन आलाय,’ म्हणून सांगत. हळूहळू शेजारी बोलबाला झाला, की आजींना पुढचे दिसते. एक दिवस एक शेजारीण आपल्या मुलाच्या नोकरीचे विचारावयास आली. पुढ्यात नारळ ठेवून म्हणाली, ‘आजी, तुम्ही सांगाल ते खरं होईल.’ सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘अगं बाई, मला पुढचं दिसत असतं तर डोळे जाण्याआधी डॉक्टरकडे नसते का गेले? नारळ घेऊन जा, आणि येतच असशील तर रोज अर्धा तास पेपर वाचून दाखव. घरात कुणाला वेळ नाही, आणि जगात काय चाललंय ते मला कळत नाही.’

ती बाई मात्र पुढे खरोखर रोज येऊ लागली. सासूबाई जाईपर्यंत, म्हणजे चार वर्षे, तिने पेपर वाचून दाखविला. नारळापेक्षा ती सेवा मोठी होती.

सासूबाईंच्या बोलण्यात डॉक्टरांचा उल्लेख आला आहे, तेव्हा हेही सांगून ठेवते. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी बहुधा शस्त्रक्रियेने परत मिळते. काचबिंदूने गेलेली परत मिळत नाही. आणि तो बहुधा न दुखता, कडेकडेची नजर आधी खात येतो. वेळीच कळला तर उरलेली नजर राखता येते. घरात कोणाला काचबिंदू असेल, किंवा वय चाळिशीच्या पुढे गेले असेल, तर डोळ्यांतला दाब आणि नस तपासून घ्यावी. आपण बायका घरच्या सर्वांना दवाखान्यात नेतो आणि स्वतःचे मागे टाकतो.

आता मुलींकडे वळते. कॅलिफोर्नियात डॅनियल किश नावाचे गृहस्थ आहेत. डोळ्यांच्या कर्करोगामुळे वर्ष-सव्वावर्षाच्या वयातच त्यांचे दोन्ही डोळे काढावे लागले. जिभेच्या टकटकीवर ते रस्त्याने फिरतात, सायकलही चालवितात, आणि इतर अंधांना ती विद्या शिकवितात. त्यांच्या हकिगतीत मला सर्वांत मोठी वाटते ती त्यांची आई. तिने मुलाला चढू दिले, धावू दिले, पडूही दिले. पडणाऱ्या मुलाकडे पाहत स्वस्थ उभे राहावयास किती बळ लागत असेल, ते आयांना सांगावयास नको. आपल्या घरांत तर अंध मुलगी असली की दुहेरी धाक असतो. एक ती पडेल म्हणून, आणि दुसरा लोक काय म्हणतील म्हणून. प्रेमानेच आपण तिला कोपरा देतो. पण कोपऱ्यात कानाला शिकावयास काय मिळणार?

मुंबईत या कोपऱ्यातून मुलींना बाहेर काढण्याचे काम फार जुने आहे. १९०० साली, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. तीच आज दादरची श्रीमती कमला मेहता अंध शाळा, आणि ती मुलींची निवासी शाळा आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. त्या याच शाळेत शिकल्या. पुढे संगणकावरचा मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनाच्या आधाराने अभ्यास करून त्या केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. दृष्टी नाही म्हणून एका सेवेत त्यांना नेमणूक नाकारण्यात आली. त्या पुन्हा परीक्षेला बसल्या आणि २०१७ साली देशात १२४ व्या आल्या. २०१९ साली तिरुवनंतपुरम येथे त्यांनी उपजिल्हाधिकारी म्हणून सूत्रे घेतली. यात सहावे इंद्रिय कोठे आहे? शाळा आहे, ब्रेल आहे, साधन आहे, आईवडिलांची साथ आहे आणि त्यांची स्वतःची जिद्द आहे.

ब्रेलचे तर केवढे उपकार! सहा टिंबांच्या मांडणीतून त्रेसष्ट आकृत्या होतात आणि त्यांत साऱ्या भाषा मावतात. लुई ब्रेलने ही लिपी १८२४ च्या सुमारास सिद्ध केली, तेव्हा तो स्वतः पंधरा वर्षांचा अंध मुलगा होता. भारतीय भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ १९५१ साली ठरली. आणि २००८ साली स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, तेव्हा मराठी अंध वाचकाला दुसऱ्याच्या सवडीची वाट न पाहता, स्वतःच्या बोटांनी ताज्या घडामोडी वाचावयास मिळाल्या. माझ्या सासूबाईंनी याला खरी दिव्यदृष्टी म्हटले असते.

भगिनींनो, भाषण संपविण्यापूर्वी मंडळापुढे काही सूचना ठेविते. त्यांना पैसा लागत नाही.

पहिली, रस्त्यात अंध व्यक्ती भेटली तर तिचा दंड धरून ओढू नका. आधी बोला, आपण कोण ते सांगा, आणि आपला कोपर तिला धरू द्या. म्हणजे ती आपल्यामागून अर्ध्या पावलाने निर्धास्त येईल. फुटपाथवर पिवळ्या उंचवट्यांच्या फरश्या बसविलेल्या असतात, त्या पांढऱ्या काठीच्या वाटा आहेत. त्यांवर स्कूटर किंवा भाजीची टोपली ठेवू नये, एवढे तरी आपण घरच्यांना आणि दुकानदारांना सांगू शकतो.

दुसरी, घरात कोणाची दृष्टी गेली असेल तर त्यांच्या हातातली कामे काढून घेऊ नका. मिठाचा डबा, चष्म्याचे घर, पाण्याचा तांब्या ज्या जागी असेल त्याच जागी रोज ठेवा. जागा बदलल्या की त्यांचे घर हरवते.

तिसरी, चारकोपच्या सेक्टरांत शाळेत न जाणारी एखादी अंध मुलगी असेल तर मंडळाने तिच्या घरी जावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. हे तिच्या आईला माहीत नसेल तर आपण सांगावे. आईला धीर देणे आईलाच चांगले जमते.

चौथी, आपल्या शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींनी परीक्षेच्या दिवसांत अंध विद्यार्थ्यांचे लेखनिक व्हावे, आणि आपण वाचक व्हावे. दुपारी कामे आवरल्यावर अर्धा तास मोठ्याने वाचणे आपल्यापैकी कोणालाही जमेल. हल्ली मोबाइलवर वाचून पाठविताही येते; दादर-वरळीपर्यंत जाण्याचीही गरज नाही.

चिटणीसबाईंच्या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच : अंध माणसाला आपल्याला न दिसणारे कळते, हे खरे आहे. पण ते आभाळातून पडत नाही. ते कानाच्या, बोटाच्या आणि बुद्धीच्या अभ्यासाने येते, आणि त्या अभ्यासाला वाट करून देणे हे आपल्यासारख्या डोळसांच्या हाती असते. वाचकांची यादी करण्यासाठी मी वही आणली आहे. बक्षीस-समारंभ झाल्यावर ती दाराजवळच्या टेबलावर ठेवीन. ज्यांना आठवड्यातून अर्धा तास देता येईल त्यांनी नाव आणि सोयीची वेळ लिहावी.